वाचकांचे प्रश्न : बर्फाच्या मुलखातला लष्करी ट्रक आणि मिठाचा गंज

जुन्या लष्करी गाड्यांच्या खरेदीविषयी गेल्या काही महिन्यांत सोलापूर परिसरातून चार पत्रे आली. चारही पत्रांचा रोख गंजावर असल्याने ती या अंकात एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राला उत्तर देताना बराच विस्तार झाला आहे, कारण त्यात विचारलेल्या गोष्टीवर गाडीची किंमतच नव्हे, तर चालवणाऱ्याचा जीवही अवलंबून आहे.

प्रश्न : महोदय, सप्रेम नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावर ट्रकचे हौदे बांधण्याचा माझा कारखाना होता. ३४ वर्षे ते काम केले आणि आता कारखाना पुतण्याच्या हाती दिला आहे. माझा मुलगा अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यात, सिरॅक्यूज शहराबाहेर राहतो. घरामागच्या रानातून जळाऊ लाकूड ओढण्यासाठी आणि हिवाळ्यात घरापर्यंतच्या वाटेवरचा बर्फ लोटण्यासाठी त्याला तिथल्या लष्कराने काढून टाकलेला, तिन्ही अ‍ॅक्सलना ओढ असलेला एम-३५ए२ ट्रक घ्यायचा आहे. त्याच्यासमोर दोन गाड्या आहेत. एक त्याच्या घरापासून साठ किलोमीटरवर आहे. तिला नुकताच हिरवा रंग दिला आहे, ती पहिल्या फटक्यात सुरू होते आणि विकणारा ती पूर्णपणे गंजमुक्त असल्याचे सांगतो. दुसरी अ‍ॅरिझोना राज्यात आहे. तिचा रंग उडाला आहे, सीट फाटल्या आहेत, दोन टायर गेले आहेत, पण किंमत कमी आहे. मात्र ती आणण्याचा खर्च धरला तर ती पहिलीपेक्षा महाग पडते. मी येत्या मे महिन्यात तिकडे जाणार आहे आणि मी पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, असे मुलाने ठरवले आहे. मी काय पाहावे आणि दोन्हींपैकी कोणती गाडी घ्यावी?
— एक वाचक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : मुलाने आपल्यासाठी थांबण्याचे ठरवले, हे फार चांगले केले. हौदा उतरवल्यावर उघडी पडलेली चॅसी (गाडीचा पोलादी सांगाडा) ज्याने आयुष्यभर पाहिली आहे, त्याच्याइतकी या कामाची नजर तिकडच्या पुष्कळ गिऱ्हाइकांना नसते. मात्र एक गोष्ट आपल्या सोलापूरच्या अनुभवात येत नाही, ती आधी सांगतो. तिकडे ट्रक बर्फाने गंजत नाही. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गंजतो.

पॉटचे आइस्क्रीम करताना बर्फात खडेमीठ घालतात, हे आपण पाहिलेच असेल. मिठामुळे बर्फ शून्याच्या खालच्या तापमानालाही वितळतो आणि त्या लाकडी बादलीच्या लोखंडी पट्ट्या दोन-तीन उन्हाळ्यांतच तांबूस होऊन सुटू लागतात. अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि पंचमहासरोवरांच्या भोवती हेच काम हजारो किलोमीटर रस्त्यांवर नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत चालू असते. सिरॅक्यूजला तर जुन्या काळापासून ‘मिठाचे शहर’ म्हणतात, कारण तिथल्या ओनोंडागा सरोवराकाठच्या खाऱ्या झऱ्यांतून एकेकाळी देशभर मीठ जात असे. त्याच भागात कयुगा सरोवराच्या तळाखाली आजही मिठाची खाण आहे आणि तिचे मीठ रस्त्यांवर पडते. वर्षाला सरासरी तीन मीटरच्या आसपास बर्फ पडणाऱ्या या शहरात रस्ते उघडे ठेवण्याला दुसरा सोपा मार्ग नाही.

साधे मीठ उणे नऊ अंशांच्या खाली फारसे काम करत नाही, म्हणून कडक थंडीत कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. काही ठिकाणी त्या खाऱ्या पाण्यात ते रस्त्याला चिकटून राहावे म्हणून बीटच्या साखरेची मळीही मिसळतात. मळीचे टँकर रोज पाहणाऱ्या सोलापूरकराला ते ऐकून नवल वाटेल. लोखंडाच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक असा, की साधे मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांपर्यंत गेल्यावर ओलावा ओढून विरघळते, तर मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांच्या आसपासच विरघळू लागते. म्हणजे आकाश निरभ्र असले, रस्ता कोरडा दिसत असला, तरी चॅसीच्या सांध्यात अडकलेला तो थर ओलाच असतो आणि लोखंड खात राहतो. सोलापुरातील ज्या रंगकामाच्या कारखान्यांत सुतासाठी मिठाचे द्रावण वापरले जाते, तिथल्या दाराच्या चौकटी जमिनीलगत कशा खाल्ल्या जातात, ते आठवावे. त्याहून जवळचे उदाहरण रत्नागिरीकडून मासे आणणाऱ्या ट्रकचे आहे. हौद्यातून ठिबकणारे बर्फाचे खारे पाणी त्या ट्रकच्या चॅसीची जी दशा करते, नेमकी तीच दशा तिकडच्या गाड्यांची रस्त्यावरून उडणाऱ्या पाण्याने होते.

आता गाडी पाहण्याविषयी. इंजिनकडे शेवटी जावे. बहुइंधनी इंजिन, गिअरबॉक्स, टायर, सीट या सगळ्या वस्तू बदलता येतात आणि रिओ कंपनीने १९५० च्या सुमारास घडवलेल्या या ट्रकच्या कुळाचे सुटे भाग अजूनही मिळतात. कुजलेली चॅसी मात्र नफ्यात बदलता येत नाही. म्हणून पहिला तास गाडीच्या खाली घालवावा. चॅसीच्या पन्हळीसारख्या तुळईत खालच्या काठावर जिथे माती साठते तिथे, क्रॉस मेंबर (दोन तुळयांना जोडणारे आडवे भाग) जिथे रिव्हेटने जोडले आहेत तिथे, आणि हौदा व चॅसी यांच्यामध्ये लाकडी पट्टी असेल तर तिच्या खाली माती खरवडून पाहावे. लाकूड पाणी धरून ठेवते, हे आपल्याला मी सांगायला नको. दोन पत्रे एकावर एक बसवलेल्या जागी पत्र्यांमध्ये फुगवटा दिसला, तर ती गाडी सोडून द्यावी. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो आणि रिव्हेटने घट्ट बसवलेले पत्रेही तो आतून फाकवतो. स्प्रिंगच्या पाट्यांच्या गठ्ठ्यातही पाने अशीच फाकतात आणि पुढे एखादे पान मोडते.

पाव किलोची हातोडी आणि टोकदार स्क्रूड्रायव्हर ही सर्वांत भरवशाची हत्यारे आहेत. निरोगी चॅसीवर ठोकले की ठणठणीत आवाज येतो. कुजलेल्या जागी भद्द आवाज येतो आणि पोपडे गळतात. वरवरचा तांबूस गंज, जो तारेच्या ब्रशने निघून खाली सपाट लोखंड दाखवतो, तो दोष मानू नये. सत्तरच्या किंवा ऐंशीच्या दशकातल्या गाडीवर तो असणारच. चिंता करावी ती पापुद्र्यांच्या, थरांच्या गंजाची. लोहचुंबक जिथे ढिला चिकटतो तिथे लांबी (पुट्टी) भरलेली असते. पत्र्याची जाडी मोजणारे ध्वनिलहरींचे छोटे उपकरण भाड्याने मिळाले तर जरूर न्यावे आणि चॅसीची जाडी निरोगी जागी व संशयित जागी मोजून तुलना करावी.

केबिनमध्ये मॅट उचलून तळाचे कोपरे, केबिन चॅसीवर बसते ते रबरी आधार, दाराच्या खालच्या कडा आणि काचेच्या चौकटीची खालची बाजू पाहावी. बॅटरीच्या पेटीखाली आम्लाने खाल्लेला पत्रा जवळपास ठरलेला असतो. त्यावरून गाडी नाकारू नये, पण किंमत कमी करून घ्यावी.

ब्रेकच्या नळ्यांविषयी मला अधिक काळजी वाटते आणि आपणही ती करावी. एम-३५ए२ ट्रकचे ब्रेक हवेच्या मदतीने चालणारे तेलाचे ब्रेक आहेत आणि सगळ्या चाकांना जाणारी तेलाची वाट एकच आहे. आजच्या गाड्यांत दोन वेगळ्या वाटा असतात, त्यामुळे एक फुटली तरी निम्मे ब्रेक उरतात; इथे कुठेही एका ठिकाणी नळी गंजून फुटली, तर पायाखालचे सगळे ब्रेक एकाच वेळी जातात. रिकामा असतानाही सहा टनांच्या आसपास वजन असलेला ट्रक उतारावर असताना असे झाले तर काय होईल, ते आपल्याला सांगण्याची गरज नाही. नळ्या चॅसीला जिथे क्लिपांनी बांधलेल्या असतात, नेमकी तीच जागा खारा चिखल धरते. म्हणून प्रत्येक क्लिप सोडवून तिच्या मागे पाहावे. बर्फाळ प्रदेशात वर्षे काढलेली कोणतीही गाडी घेतली, तर सर्व लोखंडी नळ्या काढून तांबे-निकेल मिश्रधातूच्या नळ्या बसवण्याचा खर्च किमतीतच धरावा. त्या नळ्या मिठाला दाद देत नाहीत. अमेरिकी लष्कर ऐंशीच्या दशकापासून सिलिकोनचे ब्रेक तेल वापरत आले आहे, तेव्हा त्यात बाजारातले साधे ब्रेक तेल मिसळू नये. सिलिकोनचे तेल पाणी शोषत नाही, त्यामुळे आत शिरलेले पाणी नळीच्या सर्वांत खालच्या जागी साचून तिथेच आतून गंज धरते, हेही लक्षात असावे.

पहिल्या गाडीच्या ताज्या रंगाविषयी स्पष्ट लिहितो. नोकरीच्या निमित्ताने मी काही हिवाळे त्या भागात काढले आणि पहिल्याच वर्षी एक वापरलेली मालवाहू गाडी घेतली. वरून रंग नवा होता आणि खालून चॅसीवर गुळगुळीत काळे डांबरी लेपन होते. मला वाटले, आधीच्या मालकाने गाडीची निगा राखली आहे. पुढच्या वसंतात टायर बदलण्यासाठी जॅक लावला, तेव्हा गाडी उचलली गेली नाही. जॅकच चॅसीतून वर गेला. लेपनाखाली लोखंड उरलेच नव्हते. तेव्हापासून विक्रीच्या आधी लावलेल्या नव्या लेपनाकडे मी निगेची खूण म्हणून पाहत नाही. आपल्या पहिल्या गाडीखाली असे लेपन असेल आणि मालक ते दोन-चार ठिकाणी खरवडू देत नसेल, तर तिथेच बोलणे थांबवावे.

तरीही जवळची गाडी न पाहताच सोडू नये. बर्फाळ राज्यातल्या राखीव दलाच्या ट्रकना महिन्याकाठी मोजकेच दिवस काम असते आणि मिठाच्या दिवसांत त्या पुष्कळदा आवारात उभ्याच राहतात. अशी गाडी त्याच गावच्या दूधवाल्याच्या किंवा ठेकेदाराच्या गाडीपेक्षा कितीतरी निरोगी निघू शकते. विकणाऱ्याने ती लष्कराकडून घेतल्यावर किती हिवाळे रस्त्यावर चालवली, हे विचारावे; माझ्या मते लष्करातल्या वीस वर्षांपेक्षा नंतरचे तीन हिवाळे अधिक नुकसान करतात.

गाडीचा इतिहास काही प्रमाणात गाडीवरच लिहिलेला असतो. अमेरिकी लष्कराच्या गाडीच्या बंपरवर तुकडीची खूण आणि गाडीचा क्रमांक रंगवलेला असतो. वरून दुसरा रंग दिला असला तरी तिरप्या उजेडात किंवा हलकेच घासल्यावर ती अक्षरे वाचता येतात. केबिनमधल्या धातूच्या पट्ट्यांवर बनावटीचे तपशील असतात आणि लष्कराच्या डेपोत पुनर्बांधणी झाली असेल तर त्याचीही वेगळी पट्टी असते. पुनर्बांधणीत गाडी पूर्ण सुटी करून रंगवतात, म्हणून त्या वर्षापासूनचाच गंज मोजावा. मात्र विक्रीचे ठिकाण आणि सेवेचे ठिकाण एकच असेल असे धरून चालू नये; अ‍ॅरिझोनात विकायला उभा असलेला ट्रक हवाईच्या किनाऱ्यावर दहा वर्षे राहिलेला असू शकतो.

तो खरोखर वाळवंटातला असेल, तर मी कौल त्याच्याच बाजूने देईन. तिथल्या कोरड्या हवेत लोखंड टिकते. ऊन रंग, रबर, टायर, सीटचे कापड आणि विजेच्या तारांवरचे आवरण मात्र खाऊन टाकते. आपण लिहिलेली लक्षणे नेमकी उन्हाची आहेत, गंजाची नव्हेत. मालकाकडून आधी छायाचित्रे मागवावीत आणि ती नेमकी सांगून मागवावीत: दोन्ही तुळयांची आतली बाजू, प्रत्येक क्रॉस मेंबरचा जोड, मागच्या पाट्यांचे गठ्ठे, मॅट उचललेले केबिनचे तळ, ब्रेकच्या नळ्या. जो मालक समोरून आणि बाजूने घेतलेली दहा सुंदर छायाचित्रे पाठवतो आणि खालचे एकही पाठवत नाही, त्याने उत्तर दिलेलेच असते. शक्य झाल्यास तिथल्या एखाद्या मेकॅनिकला पैसे देऊन गाडी तपासून घ्यावी. तो खर्च वाहतुकीच्या तुलनेत अगदी किरकोळ असतो.

ती गाडी चालवत आणण्याचा मोह मुलाला होईल, पण त्याला आवरावे. अंतर साडेतीन हजार किलोमीटरहून अधिक आहे आणि हा ट्रक ताशी नव्वद किलोमीटरच्या पुढे जात नाही. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचे टायर आणि रबरी नळ्या इतका प्रवास सोसत नाहीत. ती लो-बेड ट्रेलरवर मे ते सप्टेंबर या काळातच आणावी. हिवाळ्यात ट्रेलरवर बसून आलेली गाडीही वाटेतल्या खाऱ्या तुषारांनी माखून उतरते आणि वाळवंटातून आणण्याचा अर्धा फायदा पहिल्याच दिवशी जातो. पैसे देण्यापूर्वी सरकारी विक्रीचा दाखला किंवा मालकीचे कागद हातात घ्यावेत आणि राज्याचे मोटार वाहन खाते या गाडीची नोंदणी करील का, ते लेखी विचारून घ्यावे.

आणखी एक. मे महिन्यात जवळची गाडी पाहाल, तेव्हा पावसाने खालचे मीठ धुऊन गेलेले असेल आणि सगळे स्वच्छ दिसेल. म्हणून वास्तविक मार्चमध्ये, बर्फ वितळताना, मुलाने एकदा स्वतः जाऊन खालची छायाचित्रे काढून ठेवलेली बरी.

प्रश्न : अमेरिकी लष्कराची हमव्ही गाडी अ‍ॅल्युमिनियमची असते, म्हणून तिला गंज लागत नाही, असे ऐकले. मग बर्फाळ प्रदेशातल्या माणसाने जुना ट्रक घेण्याऐवजी तीच का घेऊ नये?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : अंगाचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा आहे, चॅसी मात्र पोलादाचीच आहे. शिवाय पोलादाचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला जिथे भिडतो, तिथे खारे पाणी पोहोचले की दोन धातूंमध्ये विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते आणि झीज अ‍ॅल्युमिनियमची होते. पांढरी भुकटी आणि रंगाखालचे फोड ही तिची खूण. तेव्हा गाडीखाली जाऊन पाहण्यातून सुटका नाही. लाकूड ओढण्यासाठी ही गाडी ट्रकची जागा घेऊ शकत नाही, हे वेगळेच. त्या लष्कराच्या नंतरच्या पिढीतला एम-१०७८ हा छोटा मालवाहू ट्रकही पुष्कळांच्या नजरेत भरतो. त्याच्या सुरुवातीच्या उत्पादनातल्या पोलादी केबिनना गंजाचा मोठा त्रास झाला होता, म्हणून त्या काळातली गाडी असेल तर केबिनचे सांधे आणि काचेभोवतीची चौकट विशेष लक्ष देऊन पाहावी. गाडी नवी म्हणून निरोगी, हा हिशेब इथे चुकतो.

प्रश्न : माझ्या ओळखीच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे आपल्या लष्करातून निघालेला ट्रक आहे. तो बरीच वर्षे लडाखमध्ये होता, असे व्यापारी सांगतो. इतकी वर्षे बर्फात राहिलेली गाडी आतून सडली असणार, असे घरचे म्हणतात. ऊसतोडीच्या हंगामात शेतातून ऊस बाहेर काढण्यासाठी मला ती हवी आहे. घ्यावी का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : घरच्यांची भीती समजण्यासारखी आहे, पण ती बहुधा चुकीच्या जागी आहे. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे आणि तिथे वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून पाणी १०० मिलिमीटरच्या आसपासच पडते. आपल्या दुष्काळी म्हणवल्या जाणाऱ्या सोलापूर जिल्ह्यापेक्षाही ते कितीतरी कमी आहे. लडाख हे थंड वाळवंट आहे आणि लोखंडाला ते अ‍ॅरिझोनासारखेच मानवते. पहिल्या उत्तरात म्हटले तेच इथे लागू पडते : बर्फ स्वतः फारसे नुकसान करत नाही. तिथे काम केलेल्या गाडीत मी गंजापेक्षा दुसऱ्या गोष्टी शोधीन. घाटातल्या खडकाळ रस्त्यांनी चॅसीला पडलेल्या बारीक चिरा, मोडून बदललेली पाटे, झिजलेले ब्रेक ड्रम, कडक थंडीत वारंवार सुरू करून थकलेला स्टार्टर, आणि विरळ हवेत राबलेले इंजिन हे पाहावे. चिरा पाट्यांच्या कंसाजवळ आणि स्टिअरिंग बॉक्सच्या बैठकीजवळ आधी दिसतात. तिथला रंग खरवडून, रॉकेलचे बोट फिरवून कोरडे पुसावे आणि खडूची पूड लावावी. चीर असेल तर काही मिनिटांत पुडीवर ओली रेघ उमटते.

ती गाडी लडाखमध्येच होती, याचा पुरावा मात्र व्यापाऱ्याच्या बोलण्याखेरीज आणखी काही आहे का, ते पाहावे. लष्करी क्रमांकाच्या पाटीवर बाणाच्या खुणेनंतरचे दोन आकडे गाडी सेवेत आल्याचे वर्ष सांगतात. ठिकाण त्यातून कळत नाही. सेवेतून काढल्यावर गाड्या लिलावापर्यंत उघड्यावर, गवतात, पावसाळ्यामागून पावसाळे उभ्या राहतात, आणि तो डेपो दमट भागात असेल तर लडाखची कोरडी हवा तिला वाचवू शकत नाही. गवतात उभ्या गाडीला खालून ओल लागते, म्हणून चाकांच्या आतल्या बाजूला, पेट्रोल किंवा डिझेलच्या टाकीच्या पट्ट्यांखाली आणि सायलेन्सरच्या मागच्या टोकाशी गंज पाहून ती किती काळ उभी होती याचा अंदाज बांधावा.

कागदांविषयी काटेकोर राहावे. लष्करी गाड्यांची नोंदणी परिवहन कार्यालयाकडे नसते. त्या जिथे आहेत, जशा आहेत, या अटीवर लिलावात विकल्या जातात आणि त्यांतल्या काही फक्त भंगार म्हणूनच विकलेल्या असतात. भंगार म्हणून विकलेल्या गाडीला नागरी क्रमांक मिळत नाही. व्यापाऱ्याकडून लिलावाचे विक्रीपत्र आणि लष्कराकडून गाडी सोडल्याचा मूळ कागद पाहावा आणि ते घेऊन प्रथम सोलापूरच्या परिवहन कार्यालयात जाऊन पासिंग होईल का, ते विचारावे. विसार त्यानंतरच द्यावा. नोंदणीशिवाय फक्त शेतात वापरू, असा विचार असेल तर सोडून द्यावा, कारण उसाची गाडी कधी ना कधी कारखान्याच्या रस्त्यावर येतेच.

प्रश्न : माझ्या भावाने मिनेसोटा राज्यात लष्करातला जुना पाच टनी ट्रक घेतला आहे. चॅसी चांगली आहे, पण केबिनच्या तळाला आणि हौद्याला काही ठिकाणी गंज आहे. तो ग्राइंडर मारून, पत्रा जोडून स्वतः रंग देणार आहे. माझे यजमान फॅब्रिकेशनचे काम करतात; ते म्हणतात, यात विशेष काही नाही, आपल्याकडे रोज होते. पण भावाला कोणीतरी त्या रंगाची भीती घातली आहे. खरे काय? आणि पुढे गंज लागू नये म्हणून त्याने काय करावे?
— एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : ताई, भावाला मिळालेला इशारा खरा आहे आणि आपल्या यजमानांनीही तो मनावर घ्यावा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकी लष्करी गाड्यांना रासायनिक अस्त्रांचा विखार न शोषणारा दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग देतात. तो मारताना, आणि वाळलेला रंग वेल्डिंगने किंवा ग्राइंडरच्या घर्षणाने तापल्यावर, त्यातून आयसोसायनेट या विषारी रसायनाची वाफ निघू शकते. ती फुप्फुसाला इतकी बाधते, की एकदा त्रास झालेल्या माणसाला पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही दम्यासारखा झटका येतो. जुन्या प्रायमरमध्ये क्रोमेट असते आणि त्याहून जुन्या थरांत शिसेही सापडते. तोंडाला रुमाल किंवा साधा कापडी मास्क बांधून हे काम करू नये.

पत्रा जोडायच्या जागेभोवती निदान वीतभर रंग आधी रासायनिक रिमूव्हरने काढून घ्यावा, घासायचे ते ओले करून घासावे आणि त्याला योग्य फिल्टरचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा श्वसन-मास्क वापरावा. काम उघड्या हवेत, मुलांपासून दूर करावे आणि निघालेला गाळ गोळा करून त्या गावच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात द्यावा. रंग देण्याचे काम त्याने, रंगाऱ्याला श्वासासाठी बाहेरची स्वच्छ हवा वेगळ्या नळीने मिळते अशा कार्यशाळेकडून करून घेतले तर मला अधिक बरे वाटेल. स्वतः द्यायचा असेल तर लष्करी रंगाचा आग्रह न धरता साधा अल्किड एनॅमल वापरावा. आतून पोहोचता न येणाऱ्या पोकळ भागात जोडकाम झाल्यावर मेणाचे द्रावण फवारावे, कारण वेल्डिंगमुळे उलट्या बाजूचा रंग जळतो आणि गंज पुन्हा तिथूनच सुरू होतो.

पुढच्या निगेविषयी. सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांत खालून सगळे धुऊन, दोन दिवस वाळवून, लॅनोलिनचे किंवा मेणाचे पातळ लेपन मारावे. ते दरवर्षी नव्याने करावे लागते आणि ते ओले, चिकट राहते हाच त्याचा गुण आहे. कडक होणारे डांबरी लेपन तडकते आणि तडकलेल्या जागी खारे पाणी आत कोंडून ठेवते. आपल्याकडे चॅसीला जळके ऑइल मारण्याची पद्धत आहे, ती तिथे नेऊ नये. ते ठिबकून जमिनीत आणि विहिरीच्या पाण्यात उतरते आणि ज्याच्या अंगणात विहीर आहे, त्याला ते प्यावे लागते. केबिनच्या तळातली, दारांतली आणि हौद्यातली पाणी निचरण्याची भोके तारेने मोकळी ठेवावीत. त्या ट्रकचे ब्रेक हवेवर किंवा हवेच्या मदतीने चालतात, म्हणून हवेच्या टाक्यांतले पाणी रोज सोडावे; न सोडल्यास टाक्या आतून गंजतात आणि गोठलेले पाणी व्हॉल्व्ह अडवते.

खाऱ्या रस्त्यावरून आलेली गाडी गरम गॅरेजमध्ये ठेवू नये. थंडीत गोठून निष्क्रिय असलेले मिठाचे पाणी उबेत पातळ होते आणि गंजाचा वेग वाढतो. वारा खेळता असलेली उघडी पडवी अधिक चांगली. आणि हिवाळ्यात जेव्हा जेव्हा पारा दिवसभर शून्याच्या वर राहील, तेव्हा त्याने गाडी धुण्याच्या केंद्रावर नेऊन खालून स्वच्छ पाण्याचा जोराचा फवारा मारून घ्यावा. तिथे वापरलेलेच पाणी गाळून पुन्हा मारतात का, ते आधी विचारावे, कारण ते पाणी दुसऱ्यांच्या गाड्यांचे मीठ घेऊन आलेले असते. मिनेसोटात जानेवारीत असा दिवस क्वचितच येतो. मार्चच्या पहिल्या उबदार आठवड्यात मात्र एकही दिवस दवडू नये.